मुखवट्याने मान डोलावली

बोआक, मारिन्दुके
गुरुवार, १४ जानेवारी १९९३
संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

प्रिय कुया सांतो,

तुझं पत्र आलं तेव्हा मी इथे बोआकच्या वखारीत खोबऱ्याची चौतिसावी गोणी तोलून वजन वहीत मांडत होतो. पोस्टमनने जेद्दाचं तिकीट बघून शिट्टी वाजवली आणि माझ्या हातून चौतिसाव्या गोणीचं वजन पस्तिसाव्या रकान्यात गेलं. मालक म्हणाले, "इसिद्रो, तीन वर्षांत ही तुझी पहिली खाडाखोड. कोण मेलं?" मी म्हणालो, कोणी नाही, थोरल्या भावाचं पत्र आहे. "मग असू दे. भाऊ जिवंत असला की एवढी चूक चालते."

पत्र चार वेळा वाचलं. मला नीट समजलं आहे की नाही हे तू तपासावंस म्हणून पुन्हा लिहून काढतो. इनय तापात हातची जायची वेळ आली तेव्हा तू नवस केलास, की माझी आई वाचली तर सात वर्षं पवित्र आठवड्यात मोरियन होईन, रोमन शिपायाचा मुखवटा घालून उन्हातान्हात हिंडेन. ती वाचली. तू सहा वर्षं फेडलीस. सातवं वर्ष यंदाचं. पण तुझा करार पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत आहे आणि पासपोर्ट तुझ्या मालकाच्या कपाटात. म्हणून यंदा तुझ्या मुखवट्यात मी हिंडायचं, आणि हे कोणाला कळू द्यायचं नाही.

मला तीन शंका आहेत.

पहिली. नवस एकाने बोलायचा आणि दुसऱ्याने फेडायचा, हे चालतं का? पाद्रींना विचारायला दोनदा चर्चच्या पायऱ्या चढलो आणि दोन्ही वेळा मेणबत्ती लावून परत आलो.

दुसरी. तू माझ्याहून चार बोटं उंच आहेस, आणि खांद्यांनी तर दुप्पट.

तिसरी म्हणजे तातय. तो मुखवटा बापाच्याच हातचा, त्यांनीच कोरलेला आहे. गावात साठ मुखवटे हिंडत असले तरी त्यातले आपल्या हातचे कुठले हे ते पाठमोरे बघूनही सांगतात. आणि अजून ते तुझं नाव घेत नाहीत. परवा जेवताना इनय म्हणाली, "हा मासा सांतोच्या आवडीचा." तातय ताट उचलून ओट्यावर जाऊन बसले. तू गेलास त्या दिवशी म्हणालास, पांगाऱ्याच्या लाकडी तोंडांवर घर चालत नाही. ते म्हणाले, "मग जा, आणि परत या तोंडासमोर येऊ नकोस." मी तेव्हा दारात उभा होतो, तुम्हा दोघांच्या मध्ये, आणि एक शब्द बोललो नाही. ते मला अजून लागून राहिलं आहे.

शंका फिटल्या तर मी करीन. इनयचे पाय पुन्हा सुजायला लागले आहेत. नवस अर्धा राहावा असं मलाही वाटत नाही.

तुझा भाऊ,
इसिद्रो

*

जेद्दा
३ फेब्रुवारी

सिद्रो,

तीन शंकांना तीन उत्तरं.

एक. देव खोबऱ्याच्या वखारीत कारकून नाही. या रकान्यातलं त्या रकान्यात गेलं तर तो विचारणार नाही कोण मेलं.

दोन. चिलखताच्या खांद्यांत चिंध्या भर. चपलांना दुहेरी तळ लाव.

तीन. तातय तुझ्याकडे बघणारही नाहीत. माझा मुखवटा समोरून आला तर ते रस्ता बदलतील, तू खुशाल चालत राहा.

आता ऐक, कारण हे तुला वहीत सापडणार नाही. मुखवटा आलिंग पासिंगच्या माळ्यावर तांदळाच्या पोत्यात गुंडाळून ठेवला आहे. म्हातारी तोंडाची पक्की आहे, सहा वर्षं तिच्याच घरी मी कपडे बदलत होतो. मुखवटा आतून नाकापाशी घासतो, तिथे कापड चिकटव. पाणी प्यायचं तर गल्लीत जाऊन, भिंतीकडे तोंड करून. टिपऱ्या वाजवताना तीन तुटक आणि एक लांब, हा माझा ठेका, गाव ओळखतं. पोरी दिसल्या की टिपऱ्या वाजवत त्यांच्या मागे धावायचं. तुला धावावंच लागेल सिद्रो, नाहीतर दोन मिनिटांत सगळ्यांना कळेल की आत मी नाही. आणि काही झालं तरी बोलायचं नाही. कुत्रं चावलं तरी नाही. मोरियन बोलला की नवस मोडला.

घरी सांग, गासानच्या लोकांनी पासिओन, ख्रिस्ताच्या यातनांची कथा, गायला बोलावलं आहे, आठवडाभर तिथेच राहणार. तू शुद्ध वाचतोस, कोणीही विश्वास ठेवील.

सोबत पाचशे पेसो आहेत. उरले तर इनयला दे.

तातयबद्दल एवढंच लिहितो आणि मग विषय बंद. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत करार संपला की मी आणखी दोन वर्षांसाठी सही करणार आहे. बोटीतून उतरून जाऊ कुठे? आपल्याच गावात आलिंग पासिंगच्या माळ्यावर राहू? ज्या घरात बापाने तोंड दाखवू नको म्हटलं तिथे बोलावल्याशिवाय मी जाणार नाही, आणि ते बोलावणार नाहीत. आम्ही दोघे एकाच लाकडाचे.

सांतो

*

बोआक
मंगळवार, १३ एप्रिल १९९३
पहाटेचे पाच वाजून पंचवीस मिनिटे

प्रिय कुया,

सगळं पार पडलं. सोमवार ते ईस्टरचा रविवार, सात दिवस. मी एकदाही बोललो नाही. वखार उघडायच्या आत हे लिहून पोस्टात टाकतो.

उजव्या टाचेला दोन फोड आले, डाव्या टाचेला एक. मंगळवारी मुखवट्यात मुंगी शिरली आणि भुवईपासून हनुवटीपर्यंत सावकाश चालत गेली. मी तिला जाऊ दिलं. बुधवारी बाजारात पोरींच्या मागे धावलो. त्यातली एक म्हणाली, "अगं, सांतो सौदीत जाऊन म्हातारा झाला, बघ कसा धावतो!" दुसरी म्हणाली, "तिकडे उंटामागे धावायची सवय लागली असेल." म्हणजे आत तूच आहेस असं लोकांना वाटलं, हे कळवतो. ठेका बरोबर वाजवला, फक्त गुरुवारी दोनदा लांब टिपरी आधी पडली.

रविवारी खेळातल्या लोंगिनोचा, त्या एकडोळ्या शिपायाचा, पाठलाग झाला. तो यंदा चपळ होता, चौथ्या वेळी कुठे सापडला. त्याचं लाकडी मुंडकं ताटलीत घालून फिरवलं तेव्हा मी तिसऱ्या ओळीत होतो.

उन्हाचा फार त्रास झाला नाही. चिलखताच्या वाद्या दोनदा तुटल्या. आलिंग पासिंगनी रोज शहाळं दिलं. मुखवटा पुसून, कापूस भरून पुन्हा पोत्यात ठेवला आहे. उजव्या गालाचा रंग थोडा उडाला, तो दुरुस्त करीन.

तातयही एकदा दिसले. ठीक आहेत.

इसिद्रो

*

जेद्दा
१ मे

सिद्रो,

तुझ्या फोडांबद्दल एक ओळ, मुंगीबद्दल दोन, आणि तातयबद्दल पाच शब्द. कोंबडीने अंडं किती वाजता घातलं हे लिहिणारा तू. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

तुला माहीत नसेल, पण इनयने शेजारच्या मास्तरीणबाईंकडून मला पत्र लिहून घेतलं. काल मिळालं. जसंच्या तसं उतरवतो:

"बाळा, एवढा समुद्र ओलांडून आलास, नवस फेडलास, आणि घराच्या पायरीला पाय लावला नाहीस. तू रविवारी येणार असं तुझ्या तातयनी मला सांगितलं. कसं कळलं ते सांगेनात, पण तांबडा कोंबडा त्यांनी स्वतः कापला. दहा वाजेपर्यंत दार उघडं ठेवलं. रस्सा मी तीनदा गरम केला. सोमवारी सकाळी त्यांनी तो पातेल्यासकट कुत्र्यापुढे ठेवला आणि तेव्हापासून पटाशीला हात लावलेला नाही. मला म्हणाले, 'त्याने कबूल केलं होतं.' काय कबूल केलं होतंस, बाळा? आणि केलं होतंस तर आला का नाहीस?"

आता तू सांग. मी काय कबूल केलं होतं? पवित्र शुक्रवारी मी इथे खोलीत चादरी धूत होतो. इथे दर शुक्रवारी सुट्टीच असते, त्यामुळे खोलीत बसून रडायला मला रजेचं निमित्तही लागलं नाही. आणि तिकडे माझ्या तोंडाने कोणीतरी माझ्या बापाला वचन देऊन बसलं.

एक शब्द गाळू नकोस. वेळेसकट लिही.

सांतो

*

बोआक
मंगळवार, १८ मे १९९३
रात्रीचे आठ वाजून चाळीस मिनिटे

प्रिय कुया,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन फाडली, कारण दोन्हींत मी स्वतःला थोडं बरं दाखवलं होतं.

शुक्रवार, ९ एप्रिल, दुपारी दोन वाजता मी आपल्या मोगपोगच्या नदीकाठी, चर्चच्या मागच्या बदामाच्या झाडाखाली बसलो होतो. मिरवणूक निघायला तास होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. मुखवटा तोंडावरच होता. तातय नदीच्या बाजूने आले. त्यांनी रस्ता बदलला नाही. सरळ माझ्याकडे आले, पण अंतर चुकल्यासारखे. आधी झाडाला हात लावला, मग माझ्या खांद्याला. मग बोट मुखवट्याच्या नाकावरून फिरवलं, आणि ते शेजारी बसले.

म्हणाले, "नाक जरा उजवीकडे कललं आहे. कोरतानाच कळलं होतं. तुझंही तसंच आहे म्हणून राहू दिलं."

मी टिपऱ्या मांडीवर ठेवल्या.

"बोलू नकोस. नवस मोडेल. मीच बोलतो. तू गप्प बसलास की मला बोलता येतं, नाहीतर आपलं कधी जमलं आहे?" ते थोडे हसले. मग म्हणाले, "तुला जा म्हणालो ना, ते तू जावंस म्हणून नव्हतं रे. तू जाणार नाहीस याची मला खात्री होती म्हणून म्हणालो. माणूस आपल्या बैलाला म्हणतो, जा मर. बैल कुठे जातो?"

मग त्यांनी नदीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "आता पटाशीची धार मला दिसत नाही. डाव्या डोळ्याने काही नाही, उजव्याने धुरातल्यासारखं. गेल्या वर्षभरात केलेले मुखवटे बोटांनी केले आहेत. घरी कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतो, कारण तू परत समुद्रापलीकडे जाशील आणि ही गोष्ट तिकडेच राहील."

त्यांनी माझ्याबद्दलही एक वाक्य म्हटलं. ते महत्त्वाचं नाही.

शेवटी उठले आणि म्हणाले, "रविवारी सगळं आटपलं की घरी ये. एक वेळ जेवून जा. कोंबडा कापतो. पुढचं माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस. येशील?"

कुया, मी मान हलवली.

मी ठरवून हलवली नाही. माझी मान खाली-वर झाली. मुखवटा जड आहे, एकदा खाली गेला की परत वर येतोच. पण हेही मी स्वतःला बरं दाखवण्यासाठीच लिहितो आहे. खरं म्हणजे ते विचारत होते आणि नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला, पोरांच्या ठेवतात तसा, आणि झाडांना हात लावत लावत निघून गेले.

रविवारी संध्याकाळी मी आलिंग पासिंगकडे कपडे बदलून, गासानहून आल्यासारखा घरी गेलो. टेबलावर चार ताटं होती. तातय म्हणाले, "आलास का? तुझ्या भावाची वाट बघतोय." त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. इनयने रश्श्यात हिरव्या पपईच्या फोडी टाकल्या होत्या, तुला आवडतात तशा लहान. मी त्या टेबलाशी सात ते दहा बसलो. ते दर थोड्या वेळाने म्हणत, "मुखवट्याच्या वाद्या सोडवायला वेळ लागतो." तेव्हा मला बोलता येत होतं, कोणताही नवस आड नव्हता. तरी मी बोललो नाही. दहा वाजता ते उठले, दार लावलं आणि म्हणाले, "शिकलाय म्हणायचा. तोंडासमोर नाही आला."

मंगळवारी पहाटे तुला पत्र लिहिताना फोड आठवले, मुंगी आठवली. बाकीचं लिहायला हात चालला नाही.

आता सांग मी काय करू. तू म्हणशील ते करीन.

इसिद्रो

*

जेद्दा
६ जून

सिद्रो,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुला शिव्या दिल्या. खोलीतला बटांगासचा एक म्हातारा म्हणाला, "भावाला शिव्या देतोस म्हणजे घरी सगळं ठीक दिसतंय." तिसऱ्या दिवशी शिव्या संपल्या.

तातयचं बोलणं मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्यासाठी बोललेलं, आणि ऐकलं तू. मला तुझा हेवा वाटतो, हे तुला कळतं का? मी तिथे असतो तर मध्येच काहीतरी बोललो असतो, आणि ते उठून गेले असते. माझा मुखवटा घालून तू माझ्यापेक्षा चांगला मुलगा झालास. आणि मग मान हलवून सगळ्याची माती केलीस.

सोबत दुसरा कागद आहे, तातयना वाचून दाखव. वाचताना काही वगळू नकोस. तुझं नाव त्यात आहे, त्याला इलाज नाही. त्यांना वाटतं मी वचन मोडलं. ते तसंच राहिलं तर मी इकडे सही करणार आणि ते तिकडे दार लावून बसणार, आणि मध्ये इनय.

आणखी एक. त्यांनी तुझ्याबद्दल म्हटलेलं वाक्य कोणतं? बिनमहत्त्वाचं तू कधी लिहीत नाहीस.

सांतो

(सोबतचा कागद)

तातय,

पवित्र शुक्रवारी त्या मुखवट्यात मी नव्हतो. सिद्रो होता. मी त्याला पाठवलं आणि खोटं बोलायला लावलं. त्याने मान हलवली ती भीतीने, तुम्हाला फसवायला नव्हे. मी आलो नाही, कारण मी इथेच होतो आणि मला काही माहीत नव्हतं.

तुम्ही जे बोललात ते मला पोचायला जवळजवळ दोन महिने लागले, पण पोचलं. मीही जे बोललो ते तुमच्या कामाला हिणवायला नव्हतं. इनयच्या औषधांची चिठ्ठी माझ्या खिशात होती आणि तुम्ही कुठल्याशा दाढीचे केस कोरत बसला होतात. तेवढंच.

फेब्रुवारीत इथलं काम संपतं. मी कुठे जावं ते तुम्ही सांगा.

क्रिसांतो

*

मोगपोग
सोमवार, २८ जून १९९३
दुपारचे एक वाजून पाच मिनिटे

प्रिय कुया,

हे पत्र घरच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. आज मी वखारीतून रजा घेतली. मालक म्हणाले, "रजा? तू? कोण मेलं?" मी म्हणालो, कोणी नाही.

तुझा कागद गुरुवारी, २४ तारखेला आला. माझ्या खिशात तो शनिवार सकाळपर्यंत राहिला. मग इनय ओट्यावर तांदूळ निवडत होती आणि तातय त्यांच्या ओंडक्यावर नुसते बसले होते, तेव्हा मी म्हणालो, "तातय, सांतोचं पत्र आहे, तुमच्या नावचं." ते उठून जायला लागले. मी दारात उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वाटेत उभा राहिलो असेन. म्हणालो, "आधी ऐका. मग माझ्यावर हात टाकायचा तर टाका."

पूर्ण वाचलं, काही वगळलं नाही. माझं नाव आलं तिथे आवाज फाटला, ती ओळ पुन्हा वाचली.

तातय परत ओंडक्यावर बसले. इनयने तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "मेल्या, चार ताटं मांडली होती! तुझ्यासमोर रस्सा तीनदा गरम केला आणि तू चमचा चाटत बसलास?" मी म्हणालो, चाटला नाही, घशाखाली उतरत नव्हतं. "मग ते तरी सांगायचंस!"

तातय नदीकडे निघून गेले. शनिवारी आणि रविवारी ते माझ्याशी बोलले नाहीत. चर्चमध्ये मिस्सालाही गेले नाहीत. इनय म्हणाली, "पस्तीस वर्षांत रविवारची मिस्सा चुकवली नव्हती. आता तू दुसरा नवस बोल."

आज सकाळी साडेसात वाजता मी वखारीला निघालो होतो, तर म्हणाले, "थांब. तो नवस कोणाचा होता?"

मी म्हणालो, सांतोचा.

"मग तू हिंडलास ते त्याच्या खात्यात कसं जाईल? ज्याचं तोंड, त्याचा नवस. बापाच्या वाटचं मुलगा जेवला तर बापाचं पोट भरतं का?"

मी म्हणालो, नाही.

"मग लिही त्याला. सहा झाली, सातवं राहिलं आहे. ते त्याने स्वतःच्या पायांनी येऊन फेडायचं. पुढच्या वर्षी. आईच्या जिवाचा नवस आहे, थट्टा नाही. फेब्रुवारीत काम संपतं म्हणतो ना? मग मार्चमध्ये इथे पाहिजे. आणि आलिंग पासिंगच्या माळ्यावर कपडे बदलायचे नाहीत. इथून निघायचं, इथे परतायचं. सगळ्या गावाला कळलं तरी चालेल. लिहिलंस?"

मी म्हणालो, अजून वही काढली नाही. "मग काढ!"

मग ते म्हणाले, "आणि तू. तू सात दिवस हिंडलास, बोलला नाहीस, रक्त काढलंस टाचांतून. ते वाया जात नाही. ते तुझं पहिलं वर्ष. आणखी सहा तुझ्या गळ्यात. आता कशासाठी हिंडलास ते सांग. नवसाला कारण लागतं."

कुया, मी आधी विचार केला नव्हता, पण उत्तर लगेच आलं. म्हणालो, "तुमच्या डोळ्यांसाठी."

इनय आतून म्हणाली, "कसले डोळे? काय झालं डोळ्यांना?" इनय बाहेर आली. "तरीच! तरीच कॉफीत मीठ घालून पीत होता आणि म्हणत होता छान झालीय! मीच चुकून मीठ घालते असं समजून वर्षभर माझ्याच हाताला शिव्या देते आहे!" तातय म्हणाले, "लोंगिनोला एका डोळ्याने दिसत नव्हतं, तरी तो शिपाई होता." इनय म्हणाली, "त्याचं मुंडकं उडवलं होतं, हेही लक्षात ठेवा." तेव्हा ते हसले. मीही हसलो. उद्या त्यांना बोआकला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. ते येणार नाही म्हणतात, पण इनयने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आहे.

तू विचारलेलं वाक्य आता लिहितो. त्या शुक्रवारी झाडाखाली ते म्हणाले होते, "धाकटा आहे घरी. चांगला आहे, पण सावलीसारखा. घरात आहे की नाही, हे दिवा लावल्याशिवाय कळत नाही." मी तेव्हा मुखवट्यात होतो, म्हणून माझं तोंड कोणाला दिसलं नाही. ते एका अर्थी बरं झालं.

आज दहाच्या सुमाराला त्यांनी मला ओंडक्यासमोर बसवलं. म्हणाले, "सांतोचा मुखवटा सांतो घालील. तुला तुझा लागेल." मी म्हणालो, माप घ्यायला दोरी आणू का? "दोरीवरचे आकडे कोण बघणार, तू?" आणि त्यांनी दोन्ही हात माझ्या तोंडावर ठेवले. कपाळ, भुवया, डोळ्यांच्या खोबण्या. अंगठे फार खरखरीत आहेत. ते खूप सावकाश फिरत होते. जबड्यापाशी थांबले. म्हणाले, "हा तर माझ्या बापाचा जबडा. चोवीस वर्षं माझ्या घरात आहे आणि मला पत्ता नाही." मग म्हणाले, "तोंड हलवू नकोस." मी म्हणालो, हलवत नाही. "हलतंय. ओलंही आहे. पांगारा ओला असला की पटाशी घसरते, थोडं थांबू या." आणि ते थांबले, हात तिथेच ठेवून.

आता ते ओंडका सोलत आहेत. मी तासायच्या वाकसाचा दांडा धरायचा, ते सांगतील तिथे, आणि त्यांच्या बोटांजवळ धार आली की "हं" म्हणायचं. मला भीती वाटते. एकदा वेळेवर "हं" म्हणालो, एकदा उशिरा. फार लागलं नाही.

सही करू नकोस, कुया.

तुझ्या पाचशे पेसोंचा हिशेब खाली देतो. आधीच द्यायला हवा होता.

लाल कापड, दोन वार: ६४.००
चपलांचे तळ आणि वाद्या: ३५.००
रंग, गुलाबी व काळा: ४८.००
मेणबत्त्या: १२.००
फोडांचं मलम: १८.५०
आलिंग पासिंगना आरारूटची बिस्किटं: २५.००
जीपनीचं भाडं: १६.००
पांगाऱ्याचा ओंडका, नवा: ६०.००
डोळ्यांच्या डॉक्टरसाठी बाजूला ठेवले: १००.००
एकूण खर्च: ३७८.५०
शिल्लक, इनयला दिली: १२१.५०

देणं, तुझ्याकडून: तांबडा कोंबडा एक, ९० पेसो (तातय म्हणाले, लिही). नवसाचं वर्ष एक, सोमवार २८ मार्च १९९४पासून.

देणं, माझ्याकडून: वर्षं सहा.

इसिद्रो